हीट पंप: निवडण्यापासून नीट चालवण्यापर्यंत

साध्या कॉइलच्या हीटरला एक युनिट वीज दिली की एकच युनिट उष्णता मिळते. हीटर स्वस्त असो की महाग, त्यात बदल होत नाही. तीच वीज हीट पंपाला दिली तर खोलीत तीन, कधी चार युनिटे उष्णता येते. एक युनिट विजेतून आलेले असते आणि बाकीची बाहेरच्या हवेतून, जमिनीतून किंवा पाण्यातून उचललेली असतात. यंत्र उष्णता तयार करत बसत नाही, असलेली इकडून तिकडे नेते.

इथवरचे बहुतेकांनी ऐकलेले असते. विक्रेता सहसा सांगत नाही ते असे की हा तीन-चारचा आकडा यंत्राइतकाच इमारतीवर ठरतो. एकच मॉडेल एका घरात चौपट उष्णता देते आणि दुसऱ्या घरात अडीचपटीच्या वर जात नाही. म्हणून या लेखात यंत्राची निवड बरीच उशिरा येईल.

आत काय घडते

थंड हवेतही उष्णता असते, फक्त ती आपल्या उपयोगाच्या तापमानाला नसते. हीट पंपात फिरणारा द्रव, म्हणजे रेफ्रिजरंट, फार कमी तापमानाला उकळतो. साध्या वातावरणीय दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. त्यामुळे बाहेर उणे ५ अंश असले तरी योग्य दाबाखालच्या या द्रवाला ती हवा गरमच वाटते आणि तिच्यातली उष्णता घेऊन तो वायू होतो. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, दाबल्याने तो तापतो, घरातल्या हवेला किंवा पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो. मग एका बारीक व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब उतरतो, तो थंड पडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

फ्रिज आणि एसी याच पद्धतीने चालतात. फरक एका चार तोंडांच्या व्हॉल्व्हचा. तो फिरला की रेफ्रिजरंटची दिशा उलटते. हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत येत होती, उन्हाळ्यात आतली बाहेर जाते. एका यंत्रात दोन ऋतूंची सोय आहे ती या छोट्या भागामुळे. ही काही कालपरवाची कल्पना नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये ती मांडली, त्याच दशकात ऑस्ट्रियातील मिठागरात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठाचे पाणी आटवण्यासाठी असे यंत्र बसवले आणि १९३८ पासून झ्युरिकच्या नगरभवनाला लिम्माट नदीच्या पाण्यातून काढलेली उष्णता मिळू लागली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विहीर जितकी खोल तितकी पाणी वर चढवायला मोटर जास्त वीज खाते. हीट पंपाचेही तसेच आहे: उष्णता किती अंश वर चढवायची यावर विजेचा खर्च ठरतो. बाहेर ० अंश असताना ३५ अंशांचे पाणी हवे असेल, तर भौतिकशास्त्राच्या नियमाने मिळू शकणारा कमाल गुणक ८.८ येतो. ५५ अंशांचे पाणी हवे असेल तर तोच सहाच्या खाली येतो. प्रत्यक्ष यंत्रे या कमाल मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे ३५ अंशांना चारच्या आसपास आणि ५५ अंशांना अडीच ते पावणेतीन. दिलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळाली, या गुणकाला सीओपी म्हणतात. पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवले की वीज साधारण दोन ते अडीच टक्के वाचते, हा ठोकताळा लक्षात ठेवा. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पैसे वाचतील का, हे आधी कागदावर पाहा

आज कॉइलचे हीटर किंवा विजेचा गिझर वापरत असाल तर फार हिशेब नको. गुणक तीन असेल तर तापवण्याची वीज एक तृतीयांशावर येते. इमारतीत एसी लावायचाच असेल, तर उलटे चालणारे मॉडेल घ्यायला फारसा जास्तीचा खर्च येत नाही आणि हिवाळ्याची सोय त्याच खर्चात होते.

गॅसच्या बॉयलरच्या जागी हीट पंप लावायचा असेल तर थोडे गणित करा. एक युनिट (किलोवॉट-तास) विजेचा दर भागिले तेवढीच ऊर्जा देणाऱ्या गॅसचा दर, हे गुणोत्तर काढा. त्याला बॉयलरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे साधारण ०.९ ने गुणा. येणाऱ्या आकड्यापेक्षा हीट पंपाचा वर्षभराचा सरासरी गुणक जास्त असेल तर बिल उतरेल. वीज गॅसच्या तिप्पट महाग असेल तर २.७ च्या वर फायदा. वीज पाचपट महाग असेल तर ४.५ लागेल, आणि तो जुन्या इमारतीत मिळवणे कठीण आहे. अशा वेळी बिल कमी होईल असे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला हेच गणित लिहून मागा.

इंधनाच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. गॅसवर चालणारे वीजकेंद्र इंधनातल्या निम्म्या ऊर्जेची वीज करते असे धरा. ती वीज गुणक ३ असलेल्या हीट पंपाला दिली तर एक युनिट गॅसमागे दीड युनिट उष्णता मिळते. तोच गॅस घरात जाळला तर ०.९. वीज सौर, वारा किंवा जलविद्युत यांतून येत असेल तर तफावत आणखी वाढते. शिवाय इमारतीत काही जळतच नाही. त्यामुळे धुराडे लागत नाही आणि बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड झिरपण्याची भीती राहत नाही. मला स्वतःला हा शेवटचा मुद्दा बिलाइतकाच वजनदार वाटतो, पण माहितीपत्रकात तो शेवटच्या ओळीत असतो.

पहिली पायरी: गळती बुजवा

वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती घेऊन खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या फटी, छतात शिरणाऱ्या तारा-नळ्यांची भोके यांपाशी फिरा. धूर आडवा झाला की तिथे हवा शिरते आहे. या फटी बुजवणे हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच सर्रास शेवटी ढकलले जाते.

किती फरक पडतो, ते एका खोलीवर पाहू. ४ बाय ५ मीटरची, २.८ मीटर उंचीची कोपऱ्यातली खोली घ्या. वर-खाली तापवलेल्या खोल्या आहेत. आत २० अंश, बाहेर ० अंश. बाहेरच्या भिंती २१ चौरस मीटर. साध्या विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला सुमारे १.५ वॉट निसटतात, म्हणजे ६३० वॉट. एकेरी काचेच्या ४ चौरस मीटर खिडक्यांतून, ५.५ हा आकडा धरून, ४४० वॉट. खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल तर ०.३३ (एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला लागणारे वॉट-तास) गुणिले ५६ घनमीटर गुणिले २० अंश, म्हणजे ३७० वॉट. एकूण १,४४० वॉट.

आता खिडक्यांना लेप असलेल्या दुहेरी काचा लावल्या, त्यांचा आकडा १.४, आणि फटी बुजवून हवेची अदलाबदल निम्मी केली. खिडक्यांचे ११२, हवेचे १८५, भिंतींचे तेवढेच. बेरीज ९३० च्या आत. भिंतींना हातही न लावता एक तृतीयांशाहून जास्त बचत झाली. मात्र हवा अगदी कोंडूनही चालत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली दमट हवा बाहेर काढण्याची सोय ठेवा, नाहीतर भिंतींवर बुरशी येईल.

गरम हवामानात क्रम थोडा बदलतो. तिथे छत आणि पश्चिमेकडच्या काचा हे मुख्य शत्रू. ऊन काचेच्या आत येऊ देऊन मग पडदा ओढण्यापेक्षा बाहेरून सावली करणे कितीतरी परिणामकारक, कारण आतल्या पडद्यावर पडलेली उष्णता खोलीतच राहते.

दुसरी पायरी: खरी गरज मोजा

वरचे गणित प्रत्येक खोलीसाठी करा किंवा करून घ्या. छत आणि तळमजल्याची फरशी विसरू नका. क्षेत्रफळ बघून ‘इतक्या चौरस फुटांना इतके टन’ असे सांगणारा माणूस अंदाज सांगतो आहे, हिशेब नाही. थंडाव्यासाठी गणित करताना खिडकीतून येणारे ऊन, दिवे, उपकरणे आणि माणसेही धरावी लागतात. बसून काम करणारा एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. भरलेल्या सभागृहात ही बेरीज भिंतींपेक्षा मोठी होते.

‘थोडे मोठेच घेऊ, पुढेमागे उपयोगी पडेल’ हा विचार इथे उलटा पडतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र सारखे चालू-बंद होते. दर वेळी सुरू होताना वीज वाया जाते, कॉम्प्रेसर झिजतो, आणि उन्हाळ्यात हवा थंड होते पण ओलावा निघायला वेळ मिळत नाही, खोली गार आणि चिकट राहते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपली गती कमी करू शकतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. म्हणून कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही विचारा.

तिसरी पायरी: कमी तापमानाच्या पाण्यावर भागते का, याची चाचणी

ज्या इमारतीत आधीच बॉयलर आणि रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणारे पत्रे, आहेत, तिथे ही पायरी सगळ्यात उपयोगाची आणि फुकटची आहे. कडाक्याच्या थंडीत दोन-तीन दिवस बॉयलरच्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणून ठेवा. सगळ्या खोल्या उबदार राहिल्या तर हीट पंपाला इमारत तयार आहे. एखाद-दुसरी खोली गार पडली तर तेवढ्याच खोल्यांचे रेडिएटर बदलायचे आहेत. सगळेच घर गारठले तर पहिल्या पायरीकडे परत जा.

रेडिएटर बदलावे का लागतात? त्यांची छापील क्षमता बहुधा पाणी आणि खोली यांत सरासरी ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते. फरक २५ अंशांवर आला की क्षमता निम्मी होत नाही, त्याहून खाली, साधारण ४० टक्क्यांवर येते. उपाय सरळ आहे: मोठा, जाड किंवा पंख्याचा रेडिएटर. फरशीखाली नळ्या टाकता आल्या तर उत्तमच. तिथे पूर्ण जमीनच रेडिएटर असल्याने ३५ अंशांचे पाणीही पुरते.

नळ्यांची जाडीही पाहा, ही बाब बरेच कारागीर विसरतात. बॉयलरच्या व्यवस्थेत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्यात २० अंशांपर्यंत फरक ठेवता येतो. हीट पंपात तो ५ अंशांच्या आसपास असतो. तेवढीच उष्णता न्यायला मग चौपट पाणी फिरवावे लागते. ८ किलोवॉटसाठी २० अंशांच्या फरकाने मिनिटाला सहा लिटरही लागत नाहीत. ५ अंशांच्या फरकाने जवळपास २३ लिटर लागतात. जुन्या बारीक नळ्यांतून एवढे पाणी ढकलले तर आवाज येतो आणि पंप धापा टाकतो.

चौथी पायरी: प्रकार ठरवा

हवेतून हवेत उष्णता नेणारा, म्हणजे दोन्हीकडे चालणारा स्प्लिट एसी, बसवायला सर्वांत सोपा. मोजक्या खोल्या, भाड्याची जागा, छोटे कार्यालय, आधी रेडिएटर नाहीत अशी इमारत, यांना तोच घ्यावा. वापराचे गरम पाणी मात्र त्यातून मिळत नाही, त्यासाठी वेगळा हीट पंप गिझर लागतो. हवेतून पाण्यात उष्णता देणारा प्रकार रेडिएटर किंवा फरशीखालच्या नळ्यांसाठी असतो आणि वापराचे गरम पाणीही देतो.

जमिनीतून उष्णता घेणारा प्रकार खर्चिक आहे. काही मीटर खाली गेले की जमिनीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत आणि भर उन्हाळ्यातही हा पंप ताणाखाली येत नाही. पण विंधनविहिरी खणणे किंवा मोठ्या जागेत नळ्या पुरणे हा मोठा उद्योग आहे. कडक हिवाळा, मोकळी जागा आणि दीर्घकाळ वापरायची मोठी इमारत असेल तरच तो परवडतो. छोट्या घराला मी त्याच पैशांत हवेतून उष्णता घेणारा पंप आणि दुहेरी काचा सुचवीन.

रुग्णालय, हॉटेल, मोठे कार्यालय यांची गोष्ट निराळी. तिथे एका भागात थंडावा आणि त्याच वेळी दुसऱ्या भागात गरम पाणी हवे असते. सर्व्हरच्या खोलीतून काढलेली उष्णता बाहेर फेकण्याऐवजी पाण्याच्या टाकीत घातली, तर एकाच विजेवर दोन कामे होतात. हीट पंपाचा सगळ्यात घसघशीत फायदा इथेच आहे. आराखडा काढतानाच ही सोय विचारा, नंतर नळ्या जोडणे महागात पडते.

पाचवी पायरी: माहितीपत्रक कसे वाचायचे

ठळक अक्षरात छापलेला गुणक बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश या सोयीच्या स्थितीतला असतो. तुमच्याकडच्या सर्वांत थंड दिवसाचे तापमान आणि तिसऱ्या पायरीत सापडलेले पाण्याचे तापमान, या जोडीचा आकडा तक्त्यात शोधा. गुणकाबरोबर क्षमताही पाहा. ७ अंशांना ८ किलोवॉट देणारे यंत्र उणे ७ ला तेवढे देईलच असे नाही. हंगामी गुणक, म्हणजे पूर्ण हंगामाची सरासरी, दिला असेल तर दोन मॉडेलांची तुलना त्यावर करा.

रेफ्रिजरंट कोणता आहे तेही विचारा. आर-४१०ए हा जुना वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट पृथ्वी तापवतो, आर-३२ चा आकडा ६७५ आहे आणि आर-२९० म्हणजेच प्रोपेनचा पाचहूनही कमी. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर जग जास्त आकड्यांच्या वायूंपासून दूर जात आहे, तेव्हा आज जुन्या वायूचे यंत्र घेतले तर पुढे दुरुस्तीला वायू महाग मिळेल. प्रोपेनची यंत्रे जास्त तापमानाचे पाणीही देऊ शकतात, पण तो ज्वालाग्राही आहे. बाहेरच्या युनिटपासून खिडक्या, दारे आणि तळघराची भोके किती दूर हवीत, याबद्दल निर्मात्याच्या सूचना तंतोतंत पाळा.

सहावी पायरी: बसवताना शेजारी उभे राहा

बाहेरच्या युनिटने फेकलेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडात जाता कामा नये. अरुंद बोळ, जाळीबंद सज्जा, दाट कुंपण या जागा टाळा. कोपऱ्यात ठेवल्यास आवाज भिंतींवरून परततो. आवाज परतवणारी प्रत्येक भिंत सुमारे ३ डेसिबल वाढवते. उघड्यावर अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल कमी होतात. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीखाली युनिट ठेवू नका, रबरी पायांवर ठेवा.

हिवाळ्यात बाहेरच्या कॉइलवर ओलावा गोठतो. ते बर्फ वितळवायला यंत्र मधूनमधून काही मिनिटे उलटे चालते आणि पाणी गळते. त्या पाण्याला नीट वाट द्या, ते पायवाटेवर गोठले तर माणसे घसरतील. बर्फ पडत असेल तर युनिट उंच चौथऱ्यावर घ्या.

स्प्लिट पद्धतीत तांब्याच्या नळ्या जोडल्यावर व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण काढायची असते. घाईत असलेला कारागीर थोडा वायू सोडून हवा ‘ढकलून’ काढतो. असे करू देऊ नका, कॉम्प्रेसरचे आयुष्य तिथेच कमी होते. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे इन्सुलेशन हवे, सांधे बंद हवेत. पाण्याच्या जुन्या व्यवस्थेला जोडत असाल तर आधी ती धुऊन घ्या आणि परतीच्या नळीवर लोहकण पकडणारा चुंबकी फिल्टर लावा. मध्ये मोठी बफर टाकी, म्हणजे गरम पाणी साठवणारी जादा टाकी, सुचवली गेली तर ती का हवी, हे विचारा. गरम आणि परतीचे पाणी तिच्यात मिसळले तर पंपाला विनाकारण जास्त तापमान द्यावे लागते.

सातवी पायरी: चालवण्याची सवय बदला

बॉयलर सकाळ-संध्याकाळ तासभर धडाक्यात चालवण्याची सवय इथे सोडावी लागते. हीट पंप मंद गतीने, बराच वेळ चालू दिला तर कमी वीज खातो. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलणारी सेटिंग असते. कारखान्यातून ती बहुधा चढी ठेवलेली असते. ती एकेक अंश उतरवत जा, दर वेळी एक-दोन दिवस थांबा आणि खोली गार वाटू लागली की एक अंश वर घ्या. खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून तापमान सांभाळण्यापेक्षा ते उघडे ठेवून पाणी कमी तापवणे चांगले.

वापराच्या पाण्याची टाकी रोज ५० अंशांच्या आसपास पुरते, पण लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ठरावीक काळाने, बहुधा आठवड्यातून एकदा, ती ६० अंशांपर्यंत तापवण्याची सोय चालू ठेवा.

फरशीतून थंडावा घेत असाल तर दवबिंदू सांभाळा. खोलीत २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १७.५ अंशांना पाणी सुटते. फरशी त्याखाली गेली की ओली होणार. दमट हवामानात केवळ फरशीवर विसंबू नका, ओलावा काढायला पंख्याचे युनिट आणि त्याला निचऱ्याची नळी लागते.

आतल्या युनिटच्या जाळ्या महिन्यातून एकदा धुवा. बाहेरच्या कॉइलवरची पाने, कापूस, धूळ काढा. थंडीत युनिटमधून पांढरे लोट उठले तर घाबरू नका, बर्फ वितळताना उठलेली वाफ आहे ती. मात्र कॉइलवर बर्फाचा जाड थर तसाच टिकून राहिला तर तंत्रज्ञ बोलवा.

शक्य असल्यास हीट पंपाच्या विजेला स्वतंत्र मीटर आणि पाण्याच्या नळीवर उष्णता मोजणारा मीटर लावून घ्या. पहिल्या हिवाळ्याअखेर उष्णतेचा आकडा भागिले विजेचा आकडा, हाच तुमच्या इमारतीचा खरा गुणक. तो तीनच्या बराच खाली असेल तर आधी पाण्याचे तापमान बघा. मग यंत्रातली मदतीची विजेची कॉइल किती तास चालली ते नियंत्रकाच्या नोंदीत शोधा, कारण ती सेटिंगच्या चुकीने महिनोन्‌महिने गुपचूप चालू राहिलेली सापडते. तिसरा संशय पाण्याच्या प्रवाहावर घ्या: अडकलेला फिल्टर, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह, नळीत कोंडलेली हवा. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच रेफ्रिजरंट कमी झाला असल्याची शंका घ्या आणि गळती कुठे आहे हे शोधल्याशिवाय नुसता वायू भरून घेऊ नका.